डेव्हनचा पूल, कंपनीची गोदी आणि पारगावचा खड्डा

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात पारगाव नावाचे गाव एक नाही. आंबेगाव तालुक्यात पारगाव तर्फे अवसरी बुद्रुक आहे, पारगाव तर्फे खेड आहे. जुन्नर तालुक्यात पारगाव तर्फे आळे आहे. नावातला हा 'तर्फ' म्हणजे जुन्या महसुली व्यवस्थेतला परगण्याखालचा विभाग. ती व्यवस्था जाऊन दोन शतके होत आली, तरी सातबाऱ्यावर आणि एसटीच्या पाटीवर ती अजून टिकून आहे. पत्र चुकीच्या पारगावला जाऊ नये, एवढेच काम आता तिच्याकडे उरले आहे.

यांपैकी अवसरीच्या तर्फेतल्या पारगावच्या हद्दीत दत्तात्रयनगर येथे भीमाशंकर सहकारी साखर कारखाना उभा आहे. गाळप हंगामात या परिसरातल्या रस्त्यांवरून उसाचे ट्रॅक्टर-ट्रेलर, ट्रक आणि टायरगाड्या रात्रंदिवस धावतात. अशा एखाद्या रस्त्यावर पावसाळ्यात उखडलेली जागा हंगामापर्यंत तशीच राहिली आणि भरल्या ट्रेलरचा ॲक्सल तिथे मोडला, तर खर्च कोणाचा? गावातले उत्तर ठरलेले असते: ज्याचा ट्रेलर त्याचा खर्च. रस्ता ज्याचा, त्याचे नाव या उत्तरात येतच नाही.

रस्ता बांधणाऱ्याला मोडलेल्या वाहनाचा जाब विचारता येतो, ही कल्पना मुळात कोठून आली आणि तिला इतका वेळ का लागला, याची ही हकीकत आहे. तिच्यात डेव्हन परगण्यातली एक मालगाडी आहे, कलकत्त्यातला एक बुजलेला घोडा आहे, न्यूयॉर्कच्या वकिलांनी काढलेले खड्ड्यांचे नकाशे आहेत आणि शेवटी मुंबई उच्च न्यायालय आहे.

सुरुवात जुन्नरपासूनच करता येते. नाणेघाटाच्या माथ्यावर दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकली जात, अशी परंपरा सांगते. शेजारच्या लेण्यात सातवाहन राणी नागणिकेचा लेख आहे. त्यात यज्ञांची आणि त्या प्रसंगी दिलेल्या दक्षिणेची, गाई-घोडे-कार्षापणांची लांबलचक यादी आहे. व्यापारी मार्गावरून मिळणारे उत्पन्न ही त्या वैभवामागची एक मोठी शक्ती होती, असे इतिहासकार मानतात. रस्त्यावरून जाणाऱ्याकडून पैसे घेणे म्हणजे दोन हजार वर्षांचा जुना रिवाज. उलट दिशेने पैसे देणे मात्र फार नवे आहे.

प्राचीन धर्मशास्त्राला वाहनांच्या अपघाताचा विचार सुचला नव्हता असे नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात गाडीमुळे झालेल्या नुकसानीचे नियम आहेत. बैलाची वेसण तुटली, जू मोडले, आख मोडला, चाक मोडले, दोर किंवा लगाम तुटला, गाडीवानाने 'बाजूला व्हा' असे ओरडून सांगितले होते. अशा दहा प्रसंगी दंड नाही. एरवी गाडीवान किंवा मालक जबाबदार. हे नियम तपशीलवार आहेत, पण त्यांची नजर गाडीवर, बैलावर आणि हाकणाऱ्यावर खिळलेली आहे. आख मोडला तो कशामुळे, रस्ता राखणे कोणाचे काम होते, हा प्रश्न त्या यादीत नाही. रस्ता हा पाऊस आणि नदी यांच्यासारखाच गृहीत धरलेला आहे.

तो प्रश्न न्यायालयासमोर ठळकपणे आला १७८८ साली, इंग्लंडमध्ये. पुण्यात त्या वेळी सवाई माधवराव पेशवे होते. डेव्हन परगण्यातला एक पूल नादुरुस्त होता. तो दुरुस्त ठेवणे परगण्याचे कर्तव्य होते. पुलाच्या त्या अवस्थेमुळे एका मालगाडीचे नुकसान झाले आणि गाडीच्या मालकाने दावा लावला. दावा कोणाविरुद्ध? परगणा ही कायद्याने स्थापलेली संस्था नव्हती, म्हणून 'डेव्हन परगण्यात राहणारी माणसे' यांच्याविरुद्ध. 'रसेल विरुद्ध मेन ऑफ डेव्हन' हे त्या खटल्याचे नाव कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही पाठ असते.

मुख्य न्यायमूर्ती लॉर्ड केनियन यांनी दावा फेटाळला. कारणे व्यवहारी होती. परगण्याकडे भरपाई द्यायला सामाईक निधी नाही; मग वसुली कोणाकडून करायची? दोघा-तिघांकडून केली तर त्यांनी इतर हजारोंकडून ती कशी परत मिळवायची? एकदा असा दावा चालला की दाव्यांना अंत राहणार नाही. दुसरे न्यायमूर्ती ॲशहर्स्ट यांनी त्याला तत्त्वाचे रूप दिले: सार्वजनिक गैरसोय होण्यापेक्षा एका व्यक्तीने नुकसान सोसलेले बरे. पूल दुरुस्त न करणाऱ्या परगण्यावर फौजदारी आरोप ठेवता येत असे, दंडही होत असे. म्हणजे पूल दुरुस्त झाला असता, गाडी मात्र मालकालाच दुरुस्त करावी लागली असती.

या निकालाच्या आसपास पुढे एक भेद रुजला. रस्ता राखणाऱ्याने काही चुकीचे केले, म्हणजे खणून ठेवले, ढिगारा टाकला, तर तो जबाबदार. त्याने काहीच केले नाही, रस्ता नुसता झिजू दिला, तर जबाबदार नाही. करण्यात चूक झाली तर भरपाई, न करण्यात चूक झाली तर माफी. आळशी अधिकाऱ्याला यापेक्षा सोयीचा सिद्धान्त मिळणे कठीण. खड्डा ही तर बहुतेक वेळा न करण्यातूनच जन्मणारी गोष्ट.

आता कलकत्ता. हुगळीकाठी खिदिरपूरला सरकारी गोदी होती आणि तिच्यातून सार्वजनिक रस्ता जात होता. पेनिन्सुलर अँड ओरिएंटल या जहाज कंपनीची दोन घोड्यांची गाडी त्या रस्त्याने चालली होती. गोदीचे मजूर लोखंडाचा एक अवजड भाग रस्त्यावरून नेत होते. गाडी जवळ आली तेव्हा त्यांच्या हातून तो खाली पडला, मोठा आवाज झाला, घोडे बुजले आणि एका घोड्याला इजा झाली. जहाज कंपनीने ३५० रुपयांची भरपाई मागितली. रक्कम किरकोळ, पण प्रश्न इतका मोठा की लघुवाद न्यायालयाने तो वरिष्ठ न्यायालयाकडे पाठवला: सरकारवर असा दावा लागतो का?

१८६१ साली मुख्य न्यायमूर्ती बार्न्स पीकॉक यांनी उत्तर दिले: लागतो. त्यांचा युक्तिवाद इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबून पाहण्यासारखा आहे. इंग्लंडात राजावर असा दावा लागत नसे, कारण राजा चूक करू शकत नाही असे तिथले सूत्र होते. परंतु हिंदुस्थानात राज्य करणारी ईस्ट इंडिया कंपनी मुळात व्यापारी संस्था होती. तिच्यावर दावे लागत होते. १८५८ च्या कायद्याने कंपनीचा कारभार राणीकडे गेला, तेव्हा त्याच कायद्यात तरतूद होती की कंपनीविरुद्ध जे उपाय चालत होते ते आता भारतमंत्र्याविरुद्ध चालतील. म्हणून एखादा खासगी माणूसही करू शकेल असे काम सरकार करत असेल, गोदी चालवत असेल, तर नोकरांच्या हयगयीबद्दल ते जबाबदार. राज्यसत्तेची खास कामे, उदाहरणार्थ युद्ध, या जबाबदारीबाहेर.

म्हणजे जे हक्क लंडनमध्ये राणीच्या प्रजेला नव्हते, ते कलकत्त्यात होते; आणि तेही राज्यकर्ते उदार म्हणून नव्हे, तर राज्यकर्ते पूर्वी दुकानदार होते म्हणून. इंग्लंडला ही त्रुटी दूर करायला १९४७ चा कायदा करावा लागला. भारतात मात्र १८५८ ची तरतूद १९१५ आणि १९३५ च्या कायद्यांतून वाहत संविधानाच्या अनुच्छेद ३०० मध्ये येऊन पोहोचली. आजही राज्य शासनावर नुकसानीचा दावा लावायचा झाल्यास त्याची मुळे शोधत गेलेला वकील अखेर ईस्ट इंडिया कंपनीच्या जमाखर्चाशी जाऊन ठेपतो.

पारगावसारख्या गावांचे रस्ते या कलकत्त्याच्या गोदीपासून दूर होते. दख्खनमध्ये चाकांची वाहतूक वाढली ती एकोणिसाव्या शतकात. १८३० साली गव्हर्नर जॉन माल्कम यांनी बोरघाटाचा गाडीरस्ता खुला केला. त्यापूर्वी घाटावरचा माल मुख्यतः बैलांच्या पाठीवरून, तांड्यांनी, खाली जात असे. १८५०च्या दशकात सार्वजनिक बांधकाम खाते उभे राहिले. परंतु मोठ्या रस्त्यापासून गावापर्यंतच्या वाटेचे काय?

तिच्यासाठी मुंबई इलाख्याने 'लोकल फंड' काढला. १८६३ पासून शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयावर एक आणा जास्त घेतला जाऊ लागला. या उपकराचे दोन-तृतीयांश रस्त्यांसाठी आणि उरलेले शाळांसाठी, अशी वाटणी पुणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटिअरात नोंदलेली आहे. १८६९ च्या कायद्याने या वसुलीला पक्के कायदेशीर रूप मिळाले आणि रिपन यांच्या स्थानिक स्वराज्याच्या ठरावानंतर १८८४ च्या कायद्याने जिल्हा व तालुका लोकल बोर्डे आली. जुन्नर-आंबेगावचा शेतकरी, त्याच्याकडे गाडी असो वा नसो, रस्त्याचे पैसे साऱ्याबरोबर आगाऊच भरत होता.

इथे डेव्हनची आठवण ठेवावी. लॉर्ड केनियन यांचा सगळा भर यावर होता की परगणा ही संस्था नाही आणि तिच्याकडे निधी नाही. पुणे जिल्ह्यात संस्था होती आणि निधीही होता. इतकेच नव्हे तर त्या निधीच्या नावातच 'फंड' होता. तर्काने पाहता इथे निकाल उलटा लागायला हवा होता.

तसे घडले नाही, कारण साम्राज्याचे सर्वोच्च न्यायालय, लंडनची प्रिव्ही कौन्सिल, मध्ये आली. १८७९ साली तिच्यासमोर ऑस्ट्रेलियातल्या बाथर्स्ट गावचा खटला आला होता. नगरसंस्थेने बांधलेल्या गटाराशेजारी रस्त्यात खड्डा पडला, रात्री एका स्वाराचा घोडा त्यात गेला आणि स्वाराचा पाय मोडला. भरपाई मिळाली. पण १८९३ मध्ये कॅनडातल्या पिक्टू नगरपालिकेच्या खटल्यात कौन्सिलने स्पष्ट केले की बाथर्स्टमध्ये नगरसंस्थेच्या स्वतःच्या गटारामुळे धोका निर्माण झाला होता. नुसता पूल राखला नाही म्हणून भरपाई मिळणार नाही. दुरुस्तीचे कर्तव्य कायद्याने सोपवले, संस्थेला निधी दिला, तरी विधिमंडळाला भरपाईचा हक्क द्यायचा होता असे कायद्यातून दिसले पाहिजे. प्रिव्ही कौन्सिलचा शब्द हिंदुस्थानच्या न्यायालयांसाठीही अखेरचा होता. अशा रीतीने निधी नसलेल्या परगण्यासाठी घडवलेले कवच निधी असलेल्या संस्थांच्या अंगावर चढले आणि तिथेच राहिले.

कायद्यांत दुसरीही एक भिंत बांधली गेली होती. सरकारवर दावा लावण्यापूर्वी दोन महिन्यांची लेखी नोटीस द्यावी लागते. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ८० ते हेच. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात कलम ५२७ आहे: एक महिन्याची नोटीस आणि सहा महिन्यांच्या आत दावा. संस्थेला आपली चूक सुधारण्याची संधी मिळावी, हा नोटिशीमागचा हेतू सांगितला जातो आणि तो खोटा नाही. पण कायदा न जाणणाऱ्या गाडीवानासाठी ही मुदत म्हणजे बहुधा दार उघडण्यापूर्वीच बंद झालेले दार.

डिसेंबर १९४३ मध्ये, युद्ध चालू असताना, देशभरातल्या प्रांतांचे मुख्य अभियंते नागपुरात जमले. रस्त्यांची जी प्रतवारी आज सरकारी फलकांवर दिसते ती या 'नागपूर योजने'ची देणगी: राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या, लोकल बोर्डे इतिहासजमा झाली आणि सर्वसाधारणपणे अशी विभागणी स्थिरावली: राज्य मार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. नंतर प्रधानमंत्री ग्रामसडक योजना (२०००) आणि मुख्यमंत्री ग्रामसडक योजना यांनी त्यात आणखी नावे मिसळली. मंचर-नारायणगावातून जाणारा पुणे-नाशिक रस्ता राष्ट्रीय महामार्ग, त्याला मिळणारा फाटा कदाचित प्रमुख जिल्हा मार्ग, पुढे मळ्यात वळणारी वाट ग्रामीण मार्ग. ट्रेलर अर्ध्या तासात तीन मालकांच्या रस्त्यांवरून जातो. आख कोणाच्या हद्दीत मोडला हे ठरवण्यातच निम्मी लढाई संपते, आणि प्रत्येक कार्यालयाला ते पक्के ठाऊक असते.

स्वातंत्र्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने शासनाच्या जबाबदारीचा धागा पुन्हा हाती घेतला, पण सरळ रेषेत नाही. १९६२ च्या विद्यावती खटल्यात राजस्थानच्या जिल्हाधिकाऱ्यासाठीची जीप दुरुस्तीहून परत आणताना झालेल्या मृत्यूबद्दल राज्याला जबाबदार धरले गेले. लगेच दोन वर्षांनी कस्तुरीलाल खटला आला. मेरठ पोलिसांनी १९४७ साली अमृतसरच्या एका सराफी पेढीचे सोने जप्त केले होते. ठाण्यातला हवालदार ते घेऊन पाकिस्तानात पळाला. न्यायालय म्हणाले, जप्ती हे राज्यसत्तेचे खास काम, भरपाई नाही. हा निकाल लिहिणारे सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर साताऱ्याचे. आपण लागू करत असलेला कायदा समाधानकारक नाही आणि संसदेने तो बदलावा, असे त्यांनी त्याच निकालात बजावले. विधी आयोगाने १९५६ मध्येच तसा अहवाल दिला होता. १९६५ आणि १९६७ मध्ये विधेयके मांडली गेली, दोन्ही बारगळली. तो कायदा आजतागायत झालेला नाही. इतिहासात न घडलेल्या गोष्टींचेही परिणाम होतात, याचे हे एक उदाहरण.

स्थानिक संस्थांच्या बाबतीत दोन निकाल परस्परांसमोर उभे करून वाचावेत. दिल्लीच्या चांदणी चौकातला घड्याळाचा मनोरा कोसळून माणसे दगावली. १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महापालिकेला जबाबदार धरले, कारण इमारत तिची आणि तिची तपासणी करणे तिचे काम. राजकोटमध्ये रस्त्याकडेचे झाड पडून एक माणूस गेला. १९९७ मध्ये त्याच न्यायालयाने महापालिकेला सोडले. झाड पडेल हे तिला आधी कळण्यासारखे नव्हते, आणि प्रत्येक झाडाची रोज तपासणी करण्याचा भार टाकता येणार नाही. खड्डा या दोहोंपैकी कोणासारखा? झाड क्षणात पडते. खड्डा आठवडे, महिने वाढत जातो, ग्रामसभेत त्यावर बोलणे होते, वर्तमानपत्रात त्याचा फोटो येतो. 'आम्हांला माहीत नव्हते' हा बचाव खड्ड्याला फारसा शोभत नाही.

माहिती होती की नव्हती, याच मुद्द्यावर न्यूयॉर्कमध्ये एक विलक्षण नाट्य घडले. १९७९ मध्ये त्या शहराने कायदा केला: दोषाची लेखी सूचना आधी मिळालेली असेल आणि तरीही पंधरा दिवसांत दुरुस्ती झाली नसेल, तरच भरपाई. शहराला वाटले, आधी लेखी कळवणार कोण? नुकसानभरपाईचे खटले चालवणाऱ्या वकिलांच्या संघटनेने १९८२ मध्ये एक स्वतंत्र संस्थाच काढली. तिची माणसे रस्तोरस्ती फिरून प्रत्येक खड्डा आणि फुटका पदपथ नकाशावर खुणेने नोंदवत आणि नकाशांचे गठ्ठे महापालिकेला रीतसर सादर करत. शहराने भिंत बांधली होती. वकिलांनी तिचीच शिडी केली.

इंग्लंडने १९६१ च्या कायद्याने 'न करण्याची माफी' रद्द केली, ती १९६४ पासून. रस्ता राखण्यासाठी वाजवी काळजी घेतली होती, एवढे सिद्ध करण्याचा मार्ग अधिकाऱ्यांना खुला राहिला. म्हणून तिथल्या परिषदा रस्ते ठरावीक काळाने तपासतात आणि नोंदी जपतात. नोंद नसेल तर बचाव नाही. मोडलेल्या चाकाच्या दाव्यासाठी छापील अर्ज असणे तिथे मामुली गोष्ट झाली. ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने २००१ मध्ये जुनी माफी काढून टाकली. तो खटलाही एका मोडलेल्या पुलावरच्या अवजड ट्रकचा होता. डेव्हनच्या मालगाडीचा वारसदारच म्हणायचा. मात्र तिथल्या राज्यांनी लगोलग कायदे करून माफीचा काही भाग परत आणला. पैसे द्यावे लागणार म्हटले की तत्त्वे पुन्हा आठवतात.

महाराष्ट्रातले वळण आले एका पत्रातून. २०१३ च्या पावसाळ्यात मुंबईच्या रस्त्यांच्या अवस्थेबद्दल न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींना पत्र लिहिले आणि न्यायालयाने स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली. ती पाच वर्षे चालली. मधल्या काळात, २०१५ च्या पावसाळ्यात, जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावरच्या खड्ड्याने एका सोळा वर्षांच्या मुलाचा जीव घेतला आणि त्याचे भाजीविक्रेते वडील पुढे स्वतःच्या हातांनी शहरातले खड्डे बुजवू लागले. १२ एप्रिल २०१८ रोजी न्यायमूर्ती अभय ओक आणि रियाज छागला यांच्या खंडपीठाने निकाल दिला: सुस्थितीतला रस्ता मिळणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि त्याचा भंग झाल्यास नागरिकाला भरपाई मागता येते. डेव्हनमध्ये रस्ता राखणे हे परगण्याचे कर्तव्य होते, वाटसरूचा हक्क नव्हता. इथे ती बाजू प्रथमच पूर्ण उलटली. त्याच वर्षाच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयासमोर आलेला आकडा होता: २०१३ ते २०१७ या पाच वर्षांत देशात खड्ड्यांमुळे १४,९२६ मृत्यू.

२०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १९८-अ आले. रस्त्याच्या रचनेत, बांधणीत किंवा देखभालीत कसूर होऊन मृत्यू वा अपंगत्व आले तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड. तो दंड अपघातग्रस्तांसाठीच्या निधीत जातो. ज्याचा अपघात झाला त्याच्या हातात थेट येत नाही. डेव्हनच्या काळातल्या फौजदारी दंडाची ही आधुनिक आवृत्ती वाटली तर नवल नाही.

न्यायालयाचे आदेश कागदावर राहिल्याची तक्रार घेऊन अवमान याचिका झाली आणि १३ ऑक्टोबर २०२५ रोजी न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि संदेश पाटील यांच्या खंडपीठाने रकमाच ठरवून दिल्या. खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये. इजा झाल्यास तिच्या स्वरूपानुसार पन्नास हजार ते अडीच लाख. दावे तपासायला समित्या: महापालिकेत आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव, नगरपरिषदेत मुख्याधिकारी आणि सचिव, अन्य रस्ते यंत्रणांसाठीही तशीच रचना. ठरलेल्या आठवड्यांत रक्कम दिली नाही तर व्याज, आणि भार अखेर दोषी अधिकारी वा ठेकेदारावर. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातल्या पालियेक्कर टोलनाक्याच्या प्रकरणात, ज्या रस्त्यासाठी नागरिकाने कर भरलेला आहे त्यावरचे खड्डे चुकवत जाण्यासाठी त्याने पुन्हा पैसे मोजू नयेत, अशा आशयाची भूमिका घेतली. ते पीठ होते सरन्यायाधीश भूषण गवई यांचे, म्हणजे अमरावतीच्या सुपुत्राचे. नाणेघाटाच्या रांजणाला दिलेले उत्तर म्हणून तो निकाल वाचण्यात एक गंमत आहे.

तरीही पारगावच्या ट्रेलरचा प्रश्न सुटलेला नाही. २०२५ च्या आदेशातले दर मृत्यूचे आणि इजेचे आहेत. चालक सुखरूप उतरला आणि फक्त आख मोडला, टायर फाटला, ऊस रस्त्यावर सांडून रात्र फुकट गेली, तर त्या रकमांमध्ये त्याला जागा नाही. त्याच्यासाठी उरतो जुनाच रस्ता: दिवाणी दावा. रस्ता बांधकाम विभागाचा असेल तर कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस, जी जिल्हाधिकाऱ्यांनाही देता येते. जिल्हा परिषदेचा असेल तर तिच्या कायद्यातल्या अटी. आणि कायद्याने सोपवलेले काम न केल्याबद्दलच्या भरपाईसाठी मुदत कायद्यात अनेकदा दाखवला जाणारा एक वर्षाचा काळ. मग आंबेगावसाठी घोडेगावचे किंवा जुन्नरचे न्यायालय, गॅरेजची पावती, आणि आख आधीच झिजला नव्हता हे सांगणारा कोणीतरी. वीस-पंचवीस हजारांच्या दुरुस्तीसाठी इतके करायला सहसा कोणी धजत नाही. कलकत्त्याच्या जहाज कंपनीला ३५० रुपयांसाठी लढणे परवडले, कारण तिच्याकडे पगारी वकील होते आणि तिला रक्कम नव्हे, तत्त्व हवे होते.

जे कोणी लढू पाहतात, त्यांचे वकील पहिल्या भेटीत मागतात ती वस्तू न्यूयॉर्कच्या नकाशांचीच सख्खी भावंडे असते: अपघातापूर्वी ग्रामपंचायतीला, बांधकाम उपविभागाला किंवा जिल्हा परिषदेला दिलेल्या तक्रारीची पोच, तारीख-शिक्क्यासह. त्याखालोखाल खड्ड्याचे छायाचित्र, मोजपट्टी ठेवून काढलेले, शेजारी किलोमीटरचा दगड किंवा मोरी दिसेल असे, आणि शक्य असल्यास पोलिसांचा पंचनामा. हे त्याच दिवशी करावे लागते. कारण अपघाताची बातमी पोहोचली की दोन दिवसांत कोठून तरी मुरमाची एक ट्रॉली येते, खड्डा भरला जातो, आणि पुराव्यावर रोलर फिरतो.